रिकामी खानावळ आणि रिकामा कीवर्ड

एक साधा प्रश्न. तुम्ही नव्या गावात उतरलात, पोटात कावळे ओरडतायत आणि समोर दोन खानावळी आहेत. एकीच्या दारात रांग, दुसरी पूर्ण रिकामी. मालक गल्ल्यावर बसून माश्या मारतोय. तुम्ही कुठे जाल? रांगेत उभं राहायचा कंटाळा असला तरी दहापैकी आठ जण रांगेकडेच वळतील. रिकामी खानावळ रिकामी का आहे, ही शंका प्रत्येकाच्या मनात येतेच.

आता हीच शंका आमच्या मनात गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये का आली नाही, त्याची ही कहाणी. कहाणी कसली, हिशेबच म्हणा ना!

झालं असं की, मी एका कोर्सवाल्याचा ४९९ रुपयांचा ऑनलाइन क्लास लावला. 'हॉस्टेलवर बसून कमवा' हा त्याचा मंत्र. सांगायची गोष्ट अशी की, दुसऱ्याचा माल इंटरनेटवर विकून द्यायचा आणि कमिशन घ्यायचं. याला म्हणतात अफिलिएट मार्केटिंग. आपल्या भाषेत दलाली, आणि त्यात वाईट काही नाही, मार्केट यार्ड त्याच्यावरच चालतं. गिऱ्हाईक मिळवायला गूगलवर जाहिरात द्यायची. कोणी एखादा शब्द शोधला की आपली जाहिरात दिसणार, त्याने क्लिक केलं की आपल्या खात्यातून पैसे कापले जाणार. ज्या शब्दावर जाहिरात लावायची तो कीवर्ड. आणि कोर्सवाल्याचं ब्रह्मवाक्य एकच : ज्या कीवर्डवर स्पर्धा कमी, तिथे क्लिक स्वस्त. असा कीवर्ड शोधा आणि मालामाल व्हा!

मी रात्रभर गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये उकरत बसलो. तिथे प्रत्येक शब्दापुढे स्पर्धा कमी, मध्यम की जास्त ते येतं. पहाटे तीनला मला हिरा सापडला : मिनी ड्राफ्टर! इंजिनिअरिंगला नवी ॲडमिशन झाली की फर्स्ट इयरच्या प्रत्येक पोराला ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर लागतो. सीझन ऑगस्टचा. शोधणारे भरपूर, स्पर्धा कमी. मी रूम पार्टनरला हलवून जागं केलं. तो यवतमाळ जिल्ह्यातला, म्हणून आख्ख्या विंगमध्ये त्याचं नावच 'यवतमाळ'. डोळे चोळत तो म्हणाला, "कर बाबा काय करायचं ते, पण झोपू दे." सकाळी चहाच्या टपरीवर मी त्याला इतकं पटवलं की त्याने त्या महिन्याच्या मेसमधले दोन हजार माझ्या हातावर ठेवले. माझे १,५४० त्यात घातले. एकूण ३,५४०.

जाहिरात ३,००० रुपयांची, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. (हा जीएसटी कोर्सवाल्याच्या एकाही स्लाइडवर नव्हता.) फुकटच्या साइटवर एक पान बनवलं, त्यावर ड्राफ्टरचे फोटो, खाली 'इथून विकत घ्या' अशी लिंक. १४० कीवर्ड टाकले. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यातल्या नव्वदच्या आसपास कीवर्डपुढे 'शोधणारे फार कमी' असा शेरा. म्हणजे ते शब्द कोणी शोधतच नाही, म्हणून गूगलने ते बंद करून ठेवलेले. स्पर्धा कमी असणारच की! स्मशानातसुद्धा ट्रॅफिक जाम होत नाही.

उरलेल्या कीवर्डवर क्लिक मात्र आले. सरासरी चार रुपयांना एक, असे ७५० क्लिक. आणि विक्री? अकरा ड्राफ्टर. साडेचारशेचा ड्राफ्टर, पाच टक्के कमिशन, म्हणजे नगामागे साडेबावीस रुपये. अकरा नगांचे २४८. गेले ३,५४०, आले २४८. तोटा ३,२९२ रुपये. यवतमाळने पुढचे तीन आठवडे रात्रीचं जेवण वडापाववर काढलं. तोंडाने एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता खरी गंमत ऐका. तोटा झाल्यावर आम्ही दोघं टेरेसवर बसलो होतो. तो सहज म्हणाला, "अबे, आपण आपला ड्राफ्टर कुठून घेतला होता?" मी गप्प. आम्ही दोघांनीही ड्राफ्टर सीनियरकडून घेतला होता. दीडशे रुपयांत, वर शीट कंटेनर फुकट! आपल्या कॉलेजात तरी निम्मी पोरं असंच करतात. म्हणजे तो कीवर्ड रिकामा का होता, याचं उत्तर गेली दोन वर्षं आमच्याच कपाटावर धूळ खात पडलं होतं. मी ते सोडून प्लॅनरमध्ये शोधत होतो.

इथे माझा पहिला मुद्दा. प्लॅनरमध्ये 'स्पर्धा कमी' लिहिलंय याचा अर्थ एवढाच की त्या शब्दावर जाहिरात देणारे कमी आहेत. ते कमी का आहेत, हे तो सांगत नाही. कारणं तीन असू शकतात. एक, शोधणारेच नाहीत. दोन, शोधणारे आहेत पण विकत घेणारे नाहीत, किंवा त्यातून सुटणारं कमिशन क्लिकच्या खर्चालाही पुरत नाही. तीन, शोधणारेही आहेत, घेणारेही आहेत, पण जाहिरातवाल्यांना तो शब्दच ठाऊक नाही. पैसा असलाच तर या तिसऱ्यात आहे. आणि माझ्यासारखे नवशिके पहिल्या दोनांतच बुडतात.

दुसऱ्या कारणाची परीक्षा करायला तर पाचवीचं गणित पुरतं. एका क्लिकला जास्तीत जास्त किती देता येईल? एका विक्रीचं कमिशन गुणिले क्लिक करणाऱ्याने वस्तू घेण्याची शक्यता. आमच्या ड्राफ्टरचं कमिशन साडेबावीस रुपये, घेणारे शंभरात दीड. गुणाकार करा : साधारण ३३ पैसे. आम्ही देत होतो चार रुपये. एम-थ्री, एम-फोर सोडवणारी आम्ही पोरं, पण हा एक गुणाकार पैसे भरायच्या आधी केला नाही. शक्यता आधी कळत नाही हे खरं, पण उलटा भागाकार तर करता येतो ना! चार भागिले साडेबावीस, म्हणजे शंभरातल्या अठरा जणांनी ड्राफ्टर घ्यायला हवा, तर कुठे बरोबरी. दुकानात आलेल्या शंभरातले अठरा घेतीलही, इंटरनेटवर नुसतं 'ड्राफ्टर कसा वापरावा' बघायला आलेले कशाला घेतील?

या धंद्याचा थोडा इतिहास वाचला तेव्हा अजून एक गोष्ट कळली. क्लिकला पैसे घेऊन शब्दांचा लिलाव करायची पद्धत १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने रूढ केली. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर, सरळ हिशेब. गूगलने २००० साली ॲडवर्ड्स काढलं आणि २००२ मध्ये क्लिकचा लिलाव आणला, पण त्यात एक मेख मारली. नुसती बोली बघायची नाही, लोक त्या जाहिरातीवर क्लिक करतात का तेही बघायचं. पुढे जाहिरात शोधलेल्या शब्दाशी जुळते का, क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही मोजायला लागले.

कागदावर सोपं करून सांगतो. समजा 'अ'ची बोली दहा रुपये आणि गुणवत्ता तीन. गुणाकार ३०. 'ब'ची बोली सहाच रुपये, पण गुणवत्ता सात. गुणाकार ४२. 'ब' वर जाणार! आणि त्याला द्यावे लागणार 'अ'ला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे ३० भागिले ७, साधारण ४ रुपये ३० पैसे. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, पण गाभा हाच. याचा अर्थ काय? क्लिक स्वस्त मिळवायचा दुसराही रस्ता आहे : शोधणाऱ्याला जे हवंय ते नीट द्या. हा रस्ता कोर्सवाला का सांगत नाही? कारण त्याला वेळ आणि माहिती लागते, आणि ती ४९९ रुपयांत देता येत नाही.

कोर्सवाला शिकवत होता त्या युक्त्या तर कधीच्याच शिळ्या झाल्यात. म्हणे, चुकीच्या स्पेलिंगचे हजार कीवर्ड टाका, तिथे कोणी नसतं. बाबांनो, २०१४ पासून गूगल स्पेलिंगच्या चुका आणि एकवचन-अनेकवचन आपोआप मूळ शब्दाशीच जोडतं. २०१८ मध्ये त्याच अर्थाचे शब्दही जोडायला लागले. त्याच वर्षी ॲडवर्ड्सचं नावसुद्धा बदलून गूगल ॲड्स झालं. दुसरी युक्ती, स्वतःचं पान बनवूच नका, क्लिक थेट दुकानाच्या साइटवर पाठवा. त्यालाही जमाना झाला. जानेवारी २००५ मध्येच गूगलने नियम केला की एका शोधावर एका साइटची एकच जाहिरात दिसेल, मग अफिलिएट दहा असोत की शंभर. ॲमेझॉनने मे २००९ पासून उत्तर अमेरिकेत असे थेट पाठवलेल्या क्लिकचं कमिशन देणंच बंद केलं. तेव्हा ज्याचा माल विकायचा त्याच्या अटी आधी वाचा. नाहीतर विक्री होऊनही हातात भोपळा!

असो. आता तिसऱ्या कारणाकडे येतो, म्हणजे ज्यांना शब्दच ठाऊक नसतो त्यांच्याकडे.

सप्टेंबरमध्ये एका रात्री यवतमाळ घरी फोनवर बोलत होता. फोन स्पीकरवर. त्याचे बाबा सांगत होते की रानडुकरांनी मक्याचा पार चिखल केला, आता हरभऱ्याला तरी झटका मशीन घ्यावी लागणार. मी विचारलं, "झटका मशीन म्हणजे काय रे?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी विचारलं, भात म्हणजे काय! विदर्भात शेताभोवती तार ओढून तिला जोडतात ती ही मशीन. बॅटरीवर चालते, बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज होते. साधारण सेकंदाला एक असा अगदी क्षणभराचा झटका तारेत सोडते. डुक्कर किंवा रोही तारेला लागला की दणका बसून पळतो, पण मरत नाही.

मी प्लॅनर उघडला. कंपन्या जाहिरातीत लिहितात 'सोलर फेन्सिंग एनर्जायझर'. त्या शब्दावर बऱ्यापैकी गर्दी. पण शेतकरी शोधतो 'झटका मशीन', 'रानडुक्कर उपाय', 'रोही पळवायची मशीन'. तेही कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरांत, ज्याला जसं सुचेल तसं. तिथे जवळपास सामसूम! आणि मशीनची किंमत हजारांत. त्यांच्याच भागातला एक छोटा उत्पादक नगामागे ६०० रुपये द्यायला तयार झाला. या वेळी आधी गणित केलं. शंभरात दोघांनी घेतली तरी क्लिकला बारा रुपये परवडतात. क्लिक मिळत होता तीन रुपयांना. मी खूश!

पान लिहून काढलं आणि यवतमाळच्या बाबांना फोनवर वाचून दाखवलं. 'शेतकरी बंधूंनो, आमच्या अनुभवानुसार ही मशीन सर्वोत्तम आहे' वगैरे. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बेटा, तू लावली का कधी मशीन?" मी म्हटलं, नाही काका. "मंग दुसऱ्याले कायले सांगून राहिला? कोणी तुयं वाचून पैशे टाकन ना!"

त्या एका वाक्याने माझा अख्खा कोर्स उतरला. ड्राफ्टरमध्ये बुडाले ते आमचे पैसे होते. इथे पैसे बुडाले असते ते दुसऱ्याचे, आणि तेही पीक डुकरांच्या तोंडी जाताना.

दिवाळीच्या सुट्टीत मी यवतमाळच्या घरी गेलो. शेजारच्या वावरात मशीन बसवायची होती, तिथे आम्ही दोन दिवस खांब ठोकले, इन्सुलेटर लावले, तार ओढली. तेव्हा कळलं की अर्थिंग नीट नसेल तर मशीन कितीही भारी असो, झटका बसत नाही. जमीन कोरडी झाली की तो अजून कमी होतो. तारेला गवत टेकलं की करंट तिथेच उतरतो, म्हणून तारेखालचं गवत सतत काढावं लागतं. हे सगळं पानावर लिहिलं, फोटो आमचेच टाकले. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं की घरच्या लायनीची तार कुंपणाला थेट जोडू नका, त्याने माणसं आणि जनावरं मरतात, तो गुन्हा आहे. शेवटी हेही लिहिलं की तुम्ही या लिंकवरून मशीन घेतली तर आम्हाला कमिशन मिळतं. 'घरी कशी बनवायची' असं शोधणाऱ्यांना जाहिरात दिसू नये म्हणून ते शब्द वगळले.

चाळीस दिवस जाहिरात चालली. ४२० क्लिक, तीन रुपयांप्रमाणे १,२६०, जीएसटी धरून १,४८७. सहा मशीन गेल्या. त्यातल्या दोन परत आल्या, त्यांचं कमिशन कापलं गेलं. हातात आले २,४००. नफा ९१३ रुपये. मग एक दिवस क्लिकचा दर चढायला लागला. बघतो तर खुद्द त्या उत्पादकानेच 'झटका मशीन' या शब्दावर जाहिरात सुरू केली होती! आमच्या ऑर्डरवरून त्यालाही शब्द कळला. त्याचं काही चुकलं नाही, माल त्याचाच. दर नऊ रुपयांवर गेला, जीएसटीसकट साडेदहाच्या वर. परत आलेला माल वजा करता आमची एका क्लिकमागची कमाई पडत होती पावणेसहा रुपये. भागाकार केला आणि त्याच रात्री जाहिरात बंद. या वेळी पैसे भरायच्या आधी थांबलो, हीच प्रगती.

एकूण ताळेबंद : ड्राफ्टरचा तोटा ३,२९२, मशीनचा नफा ९१३, म्हणजे २,३७९ अजून खड्ड्यात. कोर्सचे ४९९ धरले तर २,८७८. यवतमाळचे दोन हजार मी दोन हप्त्यांत फेडले. या सगळ्या खटाटोपात बिनतोट्याचा माणूस एकच, कोर्सवाला! त्याला कीवर्ड शोधावे लागत नाहीत. आपणच त्याचे गिऱ्हाईक.

आता काही सर म्हणतील, "अभ्यास सोडून हे उद्योग सांगितले होते कोणी?" सर, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. मेसच्या पैशाला हात लावायला नको होता, आणि दोन प्रॅक्टिकलची फाइल उशिरा दिली तेही कबूल. पण अपेक्षित मूल्य म्हणजे काय हे मला प्रॉबॅबिलिटीच्या पेपरात समजलं नव्हतं, ते त्या ३३ पैशांनी समजवलं. अर्थिंगचं महत्त्व फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये पाठ केलं होतं, ते वावरात हातात आलं.

आणि माझ्यासारखे जे आज रात्री प्लॅनर उघडून बसणार आहेत, त्यांना एवढंच सांगणं. या हॉस्टेलवर किती तऱ्हेच्या घरांतली पोरं आहेत ते बघा. कोणाच्या घरी द्राक्षाची बाग, कोणाचा पॉवरलूम, कोणाच्या मामाची नाव मालवणच्या किनाऱ्यावर. त्या घरांत रोज बोलले जाणारे, गरज पडली की शोधले जाणारे शब्द कुठल्याही कोर्सवाल्याच्या यादीत नाहीत. ते शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, आणि त्यामागची वस्तू हाताळलेली माणसं एका फोनवर आहेत. तिथून सुरुवात करा. बुडाले तर चालतील एवढेच पैसे लावा, आणि ते कोणाच्या मेसचे नसावेत. लावायच्या आधी भागाकार करा. आणि कीवर्ड रिकामा दिसला की नाचायच्या आधी विचारा, बाबा रे, तू रिकामा का?

एक राहिलंच. जाहिरात बंद केल्यावर महिन्याभराने पानावरच्या नंबरवर एका शेतकऱ्याचा फोन आला. म्हणाले, "तुमचं वाचलं. मी लायनीची तार सरळ कुंपणाले जोडणार होतो, मशीनचे पैशे वाचन म्हणून. ते नाही करत आता. पण अर्थिंगचा खड्डा किती खोल घेऊ?" यवतमाळने बाबांना विचारून त्यांना उलट फोन केला. त्यांनी मशीन कुठून घेतली, घेतली की नाही, आम्हाला माहीत नाही. कमिशन शून्य. पण त्या दिवशी टपरीवर यवतमाळने स्वतःहून माझ्या चहाचे पैसे दिले. ड्राफ्टरनंतर पहिल्यांदाच!